बद्द

मे महिना, आरमोरीकडची शाळा,
चौथीच्या रिकाम्या वर्गात कानांचं शिबिर.
मी पेटी मांडून बसलेला.
ऐकू आलं की बटण दाबायचं, एवढंच सांगायचं.

सुगंधाबाई वाघाडेनं हेडफोन पदरावरूनच चढवले.
हजारावर दाबलं. चार हजारांवर उशिरा, जरा चाचरत.
मग मी काहीच वाजवलं नाही
आणि तिनं दाबलं.
"काही नव्हतं, बाई."
"मले वाटलं, त दाबलं. वाटलं की दाबाचं ना?"
मी कार्डावर एक चूक लिहिली.

दुपार कलल्यावर बाजारात तीच दिसली,
तणसावर उलटे माठ, शेजारी भज्यांची कढई.
बोटाचं पेर वाकवून वाजवायची:
टण्ण. दे.
टण्ण. दे.
बद्द. बाजूला, तुळशीला होईल.

मग एक निघाला, ना टण्ण, ना बद्द.
ती थांबली. कढई तडतडत होती, भोंग्यावर कुणी चपला विकत होतं.
"टिकंल," म्हणाली.
घेणारी पोरगी पैसे मोजू लागली, बोलता बोलता म्हणाली,
उद्यापासून तेंदूवर जायचं आहे.
सुगंधाबाईनं माठ परत ओढला.
तीच जागा, तेच पेर.
"नाही. फुटंल हा."

आवाज दोन्ही वेळा एकच होता, मी शपथेवर सांगतो.
कॉलेजात आम्ही चित्र काढलं होतं:
कानशिलाच्या आत मेंदूची एक पट्टी,
प्रत्येक सुराला तिथं आपली जागा,
जाड सूर इकडे, बारीक तिकडे, शाळेच्या हजेरीसारखे.
पट्टी फक्त नोंद करते, निकाल पुढच्या कचेरीत.
तसं नसतं.
पंचनामा लिहिता लिहिताच
निकाल शाईत उतरू लागतो.

"आधी टिकंल म्हणालात."
"आधी घरचा माठ होता," ती म्हणाली,
दुसरा वाजवत, माझ्याकडे न पाहता.
"भर रानात फुटला त पोरगी काय पिईल?"

रात्री लॉजवर कार्डं लावताना तिचं वर आलं.
चूक खोडली नाही.
आठवत बसलो, तेव्हा वर्गात काय झालं होतं.
गावाची लाईन गेली होती बहुतेक, त्याच मिनिटाला.
पेटी बॅटरीवर चालते.
पंखा नाही.