सदतीस

सकाळचे नऊ, ओउलूत अजून रात्रच.
बाहेर उणे सव्वीस.
वर्षातल्या पहिल्या सोमवारी मी
गेल्या वर्षीच्या यादीवर रेघा मारतेय.

रस्ट शिकणे: दोन प्रकरणं झाली.
रात्री अकरानंतर कोड न लिहिणे: छे.
समुद्र गोठला की स्कीवरून हाइलुओतो गाठणे:
अर्ध्यातून परतले, पाय भिजले होते.
राइमोकडून सदतीस समजून घेणे.

इथे पेन थांबतं.

शेजारच्या खुर्चीत नीलो, कामाला लागून तीन दिवस झालेला.
"काही टिप्स?" म्हणतो. वही उघडून बसलाय, बिचारा.

व्हेरिएबलला नाव दे, नीलो.
नाव देता आलं नाही की लोक नावं ठेवतात,
आणि बरोबरच करतात.
नुसतं टेम्प लिहू नकोस. आपण शहराला ऊब पुरवतो,
इथे टेम्प म्हणजे तापमान की तात्पुरतं
हे शोधण्यात माझा एक अख्खा मार्च गेलाय.
कमिट लहान ठेव, आणि त्याचा संदेश खरा.
"किरकोळ दुरुस्ती" असं लिहून मी एकदा
तुइरातली चारशे घरं गार केली होती.
एखादी टेस्ट लाल झाली तर तिचं तोंड दाबू नकोस,
ती तुझ्याच बाजूची असते.
शुक्रवारी दुपारनंतर काही चढवायचं नाही.
सौना तापलेली असते, फोन कोटात, कोट खुंटीला.

आणि अडलास तर मोठ्यानं बोल.
मी बोलायचे, तेव्हा राइमो उठून यायचा,
काही न म्हणता शेजारी उभा राहायचा,
माझं वाक्य संपायच्या आत चूक मलाच दिसायची.
त्याला वाटायचं, आपण सोडवलं.
सोडवलेलं असायचंच.

त्याची एक ओळ अजून आहे, अकराशे चाळिसावी:
पंप सदतीस मिनिटं आधी सुरू.
खाली टीप: का, ते मला विचारा. राइमो.

दर शुक्रवारी वाटायचं, सोमवारी विचारू.
सप्टेंबरात तो मशरूम आणायला रानात गेला.
टोपली अर्धी भरलेली सापडली.

"तीस करू या," नीलो म्हणाला. "गोल आकडा. वीज वाचेल."
केलं. सगळ्या टेस्ट हिरव्या.
गुरुवारी रात्री चढवलं.

शुक्रवारी पहाटे पाच वाजून आठ मिनिटांनी फोन.
"राइमो आहे का?"
कार्यासिल्ताहून, लाइनीच्या अगदी शेवटच्या घरातून,
हेल्वी कोर्तेलाइनेन, वय एक्क्याण्णव.
"पाचला उठते मी. आज पाय टेकवले, रेडिएटर गारच.
तो घड्याळ घेऊन आला होता ना एकदा,
माझ्या स्वयंपाकघरात बसला,
लोखंडाला हात लावून, कॉफीसुद्धा डाव्या हातानं प्याला.
म्हणाला, आता कळलं पाण्याला किती चालावं लागतं."

राइमो नाही, हे मी तिला सांगितलं.
बराच वेळ तिकडून काही आलं नाही,
मग ती म्हणाली, "आणि तुझं नाव काय?"

शुक्रवार असूनही, दुपारनंतर,
सदतीस परत चढवलं. टीप बदलली:
शेवटच्या घरापर्यंत पाणी पोचायला एवढा वेळ लागतो.
तिथे कुणीतरी पाचला उठतं.

"ती गेल्यावर?" नीलोनं विचारलं.
चांगला प्रश्न. उत्तर मला आलं नाही.
ते त्याच्या वहीत राहू दे.

या वर्षीची यादी:
रस्ट, तिसरं प्रकरण.
हाइलुओतो, कोरड्या मोज्यांची जोडी घेऊन.
फेब्रुवारीत हेल्वीकडे कॉफी, तिनं बोलावलंय.
जे विचारायचं ते त्याच दिवशी विचारणे.
अकरानंतर कोड न लिहिणे

आत्ता अकरा वाजून वीस.