अठ्ठावीस हजारांत

भिशी लागली. अठ्ठावीस हजार.
एक्स-रेच्या पिवळ्या पाकिटामागं हिशोब मांडला:
बॉडी, लेन्स, कार्ड, बॅग.
बॉडी लिहिताना हसू आलं.
एकोणीस वर्षं मी बॉड्यांचेच फोटो काढतेय
नेरुळच्या हॉस्पिटलात, तळमजल्यावर,
पण आतून. चेहरा सोडून.

वाशीच्या दुकानातल्या पोरानं काउंटरवर
नवाकोरा ठेवला, दोन लेन्सांसकट, त्रेपन्न हजार.
ईएमआय करू ना मॅडम, म्हणाला.
मी हातात घेतला, एकदाच खटका दाबला,
आणि त्या आवाजाचे आभार मानून जिना उतरले.

भाचा म्हणतो, मावशी, आधी माउंट ठरव.
बॉडी काय, चार वर्षांनी बदलशील,
माउंट म्हणजे सासर,
पुढची प्रत्येक लेन्स त्याच उंबऱ्यावरून आत येणार.
चोवीस वर्षांचा आहे. सासरचं त्याला काय ठाऊक.
पण मुद्दा बरोबर होता, लिहून घेतला.

खरं सांगायचं तर मला रोहित हवे होते.
पाम बीचच्या पलीकडं, ओहोटीच्या चिखलात
माना खाली घालून उभे असतात,
आणि मोबाइलमध्ये आले की
नुसती गुलाबी खडूची रेघ,
तीही अर्धी पुसलेली.
म्हणजे लांब लेन्स. अडीचशे तरी.

घणसोली गावात जनार्दन मढवी,
देवळामागची गल्ली, दुसरा मजला.
वीस वर्षं हळदी काढल्या, लग्नं, बारशी,
आता मुलगा ड्रोन उडवतो.
टेबलावर टॉवेल पसरून त्यांनी सगळं मांडलं:
बॉडी, पकडीचं रबर सुटलेलं,
शटर काउंट एक्केचाळीस हजार.
"म्हणजे बघा, चाळिशीची बाई. अजून धावते."
मी त्रेचाळीसची. बोलले नाही.
एक पन्नासची लेन्स, बुटकी, प्लॅस्टिकची.
आणि ती. पंचावन्न-अडीचशे.

सवयीनं ट्यूबलाइटसमोर धरली.
आतल्या काचेत, कडेला,
मुळं फुटल्यासारखं काहीतरी, अगदी फिकं.
"धूळ आहे," मढवी म्हणाले.
मी किती छात्या बघितल्यात उजेडावर.
धूळ अशी फांद्या टाकत नाही.
"बुरशी आहे," मी म्हणाले.
डॉक्टरांच्या आधी जे बोलायची
मला एकोणीस वर्षं परवानगी नाही,
ते इथं बोलून टाकलं, सरळ पेशंटच्या घरच्यांना.

त्यांनी ती माझ्या हातातून घेतली,
स्वतः उजेडात धरली, बराच वेळ.
खाडीची हवा, म्हणाले.
लॉकडाउनात लग्नंच नव्हती. कपाटात राहिली.
मग फडक्यात गुंडाळून बाजूला ठेवली,
पुन्हा भाव सांगितला नाही.

पन्नासची स्वच्छ निघाली.
बॉडी आणि ती, साडेएकोणीस.
हिला झूम नाही हां, त्यांनी बजावलं,
जवळ हवं तर जवळ जायचं, आपल्या पायांनी.
रोहितांकडं असं जाता येत नाही.
गुडघाभर चिखल आहे तिथं, आणि त्यांना पंख आहेत.

"काढून बघा एखादा."
खिडकीपाशी उभे राहिले, शर्टाचं वरचं बटण लावलं.
डोळ्यावर फोकस धरायचा तर तो नाकावर बसत होता,
आणि माझ्या तोंडून निघून गेलं:
श्वास घ्या. रोखा.
आयुष्यभर लोकांना हसा म्हणालेला माणूस
मुकाट छाती भरून उभा राहिला.

खटका.

मागच्या पडद्यावर मढवी.
कान धूसर, डोळे थोडे बाहेर आलेले,
गालावर दाढीचा राहून गेलेला एक पांढरा ठिपका.
मी बघत बसले. हाड एकही नव्हतं.

"सोडू?" त्यांनी कसंबसं विचारलं.

उरले साडेआठ हजार.
पाकिटावर 'रोहित' खोडलं नाही,
पुढं लिहिलं: पुढची भिशी.
आणि रेहानाला फार्मसीत सांगून ठेवलंय,
औषधांच्या डब्यांतल्या त्या सिलिकाच्या पुड्या
टाकू नकोस,
मला लागतात.