सव्वाच्या वेगाने

डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, मॅडम, अक्षरं आता पुरे.
अठ्ठावीस वर्षं रात्रशाळेत इंग्रजी शिकवलं,
गिरणीच्या भोंग्यावर तास लावून;
आता भाचीनं फोनमध्ये भरून दिलेली पुस्तकं
कानानं वाचते, दाजी पेठेत,
पत्र्याखाली, बेचाळीस अंशांत.

मत विचारलंत तर सांगते.
इतिहासाच्या मागे तुतारी लावू नये.
तलवार उपसल्याचा तो खण्ण आवाज
प्रत्येक तहाआधी कशाला?
तह बहुधा खोकत-खाकरत,
धान्याचा हिशेब करत झाले असतील.

एक पुस्तक स्वातंत्र्याचं, एकोणीस तासांचं.
सोलापूरचा मार्शल लॉ त्यात अकरा सेकंद.
तीनदा मागे नेऊन मोजले.
गावाचं नाव मात्र नीट उच्चारलं होतं, एवढं खरं.

मग हे मॉर्मन लोक.
प्रवासवर्णन समजून भाचीनं उतरवलं.
मी सव्वाच्या वेगानं ऐकते, थांबवते,
आणि लच्चव्वा वदिनेला सांगते.
तिच्या मांडीवर सूप, सुपात जर्दा,
भिजवून कापलेली पानं, दिवसाला हजार विड्या.

गाव सोडून निघालेली माणसं,
बैलांना पैसे नाहीत,
तर स्वतःच हातगाड्या ओढत, हजार मैल,
शेवटी शेवटी बर्फात.
वदिनेची कात्री थांबली.
"चाकाला वंगण होतं काय?"
पुस्तकात आहे हे! नव्हतं.
खायची चरबी चाकाला लावली, साबण लावला.
"मग खाल्लं काय?" ती म्हणाली.
तेही पुस्तकात आहे, पण पुढे.

वाचणारीचा आवाज फार गोड, ही माझी तक्रार.
पिठाचा वाटा सांगताना जो गोडवा
तोच पोराला बर्फात पुरताना.
कुणीतरी बाईला चमचाभर शेंगा-चटणी चाटवा.
त्या पानावर मी वेग कमी केला, साधा एक.
आपण तरी सावकाश ऐकावं.

एका नवऱ्याच्या तीन घरांचं प्रकरण आलं
तेव्हा मी आवाज बारीक केला, उगीचच,
वदिनेला कुठं इंग्रजी येतं.
सांगितल्यावर ती विचार करून म्हणाली,
"तिघी मिळून किती काम उरकत असतील!
आणि त्याच्या धोतराला टाका कोण घालायची?"
धोतर नसतं तिकडे, म्हटलं.
"पण टाका तर असतोच की."

पुढे नियम आले:
दारू नाही, कॉफी नाही, चहा नाही,
तंबाखू नाही.
सांगावं का? सुपात सकाळपासूनच्या सहाशे.
सांगितलं.
तिनं दोरा दातानं तोडला.
"बरोबर आहे. माझ्या हातची मीसुद्धा कधी ओढली नाही.
छाट काढणारा शेठजी ओढत नाही.
पण चहानं काय केलंय त्यांचं?"

त्यांच्यात मेलेल्यांची नावं लिहून ठेवतात,
आजोबांचे आजोबा, त्यांच्याही मागचे,
डोंगर पोखरून आत जपतात.
आमचे नाना तेलंगणातून आले
खांद्यावर धोटा आणि फणी घेऊन.
हजेरीत नरसू, रेशनकार्डावर नरसिंग,
घरात नर्सय्या. त्यांच्या वडिलांचं नाव
वदिनेनं विचारलं.
मी फोन उगाच चार्जिंगला लावला.

एकंदरीत साडेतीन तारे.
अर्धा मी कापला तो गोडव्याचा,
एक त्या चाकाच्या वंगणाचा, म्हणजे
ते एका वाक्यात उरकल्याबद्दल.

काल रात्री झोप येईना, म्हणून संपवलं.
पोहोचले ते. सगळे नाही.
खाऱ्या तळ्याजवळ शहर वसवलं, विहिरी, भिंती, वह्या.

आज सकाळी वदिना दारात, सूप कमरेला:
"टीचर, कुठवर आली गं ती माणसं?"

अजून नदीवरच आहेत, म्हटलं.
पाणी फार गार आहे म्हणतात.
बस आधी, चहा ठेवते.