पेव

सकाळी साडेनऊला सौदा उघडला
की चौदा केंद्रांतून एकदम हाक यायची,
अक्षरशः पेव फुटायचं मागण्यांचं.
जत, आटपाडी, विटा, शिराळा,
सगळ्यांना हवा तोच एक फोटो:
लॉट २१७, राजापुरी, मोडलेलं हळकुंड,
आतला रंग दिसेल इतका मोठा.

तो मुंबईच्या कुठल्याशा थंड खोलीतून
दर वेळी नव्यानं निघायचा.
जतला पोचेपर्यंत बोली संपलेली.
महिन्याचं बिल बघून चौगुलेसाहेब म्हणाले,
"एकच पोतं चौदा वेळा मुंबईहून आणायचं,
हे कुठल्या बाजारात चालतं?"

उत्तर मला पाठ होतं, सांगता येत नव्हतं.
ते सांगितलं दस्तगीर मुजावरांनी,
वय एकोणऐंशी, गेटजवळच्या बाकावर,
उमर हरिपूरच्या पेवांत चढण्याउतरण्यात गेलेली.
"माल गिऱ्हाइकाजवळ पुरून ठेवायचा, पोरी.
तोंड शेणामातीनं लिंपायचं.
वाटसरू वरनं चालत जाईल,
त्याला कळता कामा नये."

त्या रात्री मी तेच केलं.
मूळ साठ्याला कुलूप, एकाच वाटेला दार,
वाटेच्या टोकाटोकाला पुरलेल्या प्रती,
आणि प्रत्येक दुव्यावर सही,
पंधरा मिनिटांत पुसली जाणारी.
बाहेरच्यानं ठोठावलं तर चारशे तीन,
म्हणजे, वाट चुकला, पाव्हणं.

प्रत एक दिवस राहील, असं लिहिलं:
८६४०० सेकंद.
आकडा लिहिताना हात सैल होता.

"पेव उघडलं की लगेच उतरायचं नाही.
आधी दोरीला कंदील.
विझला, तर माणूस सोडायचा नाही खाली."
माझा कंदील दर तीस सेकंदांनी जातो,
दोनशे म्हणाला की जळतोय.

गुरुवारी २१७ चा फोटोच चुकला.
शीतल आडमुठेनं बदलला, दहा वाजून चारला.
मुंबईत नवा. जतला अजून जुना,
पिवळाजर्द, भलत्याच कुणाच्या शेतातला.
त्यावर बिरादारनं बोली लावली.
सोळा पोती.
यंत्र सांगितल्याबरहुकूम आठवण धरून बसलेलं.
सांगितलं मी होतं.

विसर, ही आज्ञा लिहायला दोन मिनिटं,
ती सगळीकडे पोचायला आणखी तीन.
बोली मोडायला चौगुलेसाहेबांना अख्खा दिवस
आणि दोन फोन कवठेमहांकाळला.

आता फोटोच्या नावातच त्याची वेळ असते.
नवा फोटो, नवं नाव,
जुन्याला कुणी हाकच मारत नाही.

हे मुजावरचाचांना सांगितलं.
ते स्वतःच्या तळव्यांकडे बघत होते.
"पेव रिकामं केलं तरी वास जात नाही," म्हणाले,
"पुराचं पाणी आत बसलं, तरी गेला नव्हता."

यावर माझ्याकडे आज्ञा नाही.

साडेनऊ. जतहून फोन.
बिरादार, अर्धा मराठी, अर्धा कानडी,
"बंत री मॅडम, बंत!"
आणि त्याच्या मागे, तिकडे,
कुणीतरी खरंखुरं हळकुंड
कट्‌कन मोडलं.