पट्टी

मिक्सरवर प्रत्येक फेडरखाली
पांढरी पट्टी चिकटवून नावं लिहायची असतात.
सतरा वर्षं मी तीच चार लिहिली,
जाड मार्करनं, डावीकडून उजवीकडे:
राउनो, पेंट्टी, आह्ती, तोर्स्ती.
आता एकच लिहिते.
बाकी तिघांच्या जागी गोंद राहिलाय,
स्पिरिटनं पुसला तरी बोटाला लागतो.

वाटण्या झाल्या टाम्पेरेत,
वकिलाच्या ऑफिसात, कॉफी निवेपर्यंत.
व्हॅन पेंट्टीला. दिवे विकले.
राउनोनं टायरचं दुकान टाकलं,
त्याचे ड्रम तिथेच, ताडपत्रीखाली.
नाव मात्र कुणाच्याच वाट्याला आलं नाही,
ते कागदावर कुलपात गेलं.
मीही ते घेत नाही,
जुन्या बायका नवऱ्याचं टाळायच्या तसं.

म्हणून पोस्टरवर मोठ्या अक्षरांत तोर्स्ती हापाला,
खाली बारीक, पूर्वाश्रमीचा,
आणि पुढे तीन टिंबं.
जसा काही संन्यासच घेतलाय.
संन्यास कसला!
बेचाळीस गावं, मेहुण्याची उसनी गाडी,
मागच्या सीटवर गिटार,
डिकीत न खपलेल्या कॅसेटींची खोकी.

पहिल्या वर्षी तो हट्टानं नवीनच गायला.
लोकांनी टाळ्या वाजवल्या,
पाहुण्यांच्या पोराचं कौतुक करावं तशा,
आणि बिअरच्या रांगेत गेले.
दुसऱ्या वर्षी स्टॉकहोमची बोट,
सातवा डेक, शेजारी जुगाराची यंत्रं.
ऐन कडव्यात कुणाला तरी लागला आकडा,
नाणी कोसळत राहिली मिनिटभर.
तोर्स्ती थांबला. म्हणाला,
‘राउनोपेक्षा ठेका बरा आहे.’
हसलं कुणी नाही. राउनो कोण, हेच माहीत नव्हतं.

भांडण पैशांवरून झालं, असं छापून आलं होतं.
पैसे होते कुठे?
ओउलूला, शेवटच्या कार्यक्रमानंतर,
आह्ती बूट घालता घालता एवढंच म्हणाला,
‘मला माझा आवाज ऐकू येत नाही हल्ली.
तुझाच येतो.’
तोर्स्तीला वाटलं, हा टोमणा.
टोमणा नव्हता.
तोर्स्तीचा फेडर मीच वर सरकवत होते,
कंपनीच्या माणसानं सांगितलं म्हणून,
दर मुक्कामाला केसभर.
केसभरच.
हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

काल केमीला, नोव्हेंबरात,
दुपारी अडीचलाच अंधारलं.
साठेक माणसं, कोटांना ओल्या लोकरीचा वास.
मागून कुणीतरी जुनं गाणं मागितलं
आणि कोण जाणे का, तो नाही म्हणाला नाही.
पट्टी दोन सुरांनी खाली आणलीय त्यानं.
आह्ती असता तर आणू दिली नसती.

धृपदाशी आला आणि थांबला.
तिथे आह्तीचा आवाज वरून उतरायचा,
चार मात्रा, एकटा.
लोकांना वाटलं, विसरला.
पुढच्या टेबलावरच्या मुलीनं
दयेनं शब्द पुरवले.
मी पाहिलं, त्याचा पाय चालूच होता:
एक, दोन,
आणि माझा हात गेला तिसऱ्या फेडरवर,
जिथे नाव नाही, वायर नाही,
सरकवला वरपर्यंत.

खरखर.
रिकाम्या तारेची, बारीक, गार.
तोर्स्तीनं मान जराशी डावीकडे केली,
आह्ती उभा राहायचा त्या बाजूला,
आणि पाचव्या मात्रेवर बरोबर उचललं.

रात्री गाडीची काच खरवडताना
त्यानं विचारलं, ‘ते काय होतं मधेच?’
‘काही नाही. वायर खराब आहे.’
त्यानं बर्फ झटकला, हातमोजे दातांनी ओढले,
गाडी तिसऱ्यांदा सुरू झाली.
पुलापर्यंत गप्प.
मग म्हणाला,
‘बदलू नकोस इतक्यात.’