खोलीचा आवाज

अर्जात एक चौकट होती: हा अभ्यासक्रम का निवडलात?
मी लिहिलं, मंगळवारी दुपारी मोकळी असते.
मग खोडलं.
मंगळवारीही नसते.

मी एल्स्पेथ गेडिस, वय त्रेचाळीस,
डंडीच्या बस डेपोत वेळापत्रकं लावते.
लॉकीची पहिली गाडी कधी सुटेल,
कुठल्या ड्रायव्हरनं चहा कुठे प्यायचा,
टेकडीवर बर्फ पडला तर कोणती फेरी गाळायची,
सगळं माझ्या पेन्सिलीच्या टोकावर.
अख्ख्या गावाला वेळेवर पोचवणारी मी
कॉलेजच्या पहिल्या तासाला अकरा मिनिटं उशिरा पोचले.
माझ्याच बसनं.

वर्गातली पोरं माझ्या हिवाळी कोटापेक्षा लहान.
रूरी नावाच्या एकानं विचारलं,
तुम्ही शिकवणार का आम्हाला?
नाही रे बाबा, मीही फी भरलीय.
तीन हप्त्यांत.

सोमवारी पहाटपाळी, मग संकलन.
बुधवारच्या रकान्यात दोन गोष्टी एकावर एक लिहिल्यात
आणि दोन्ही खऱ्या आहेत.
गुरुवारी स्टुडिओ रात्री आठलाच मिळतो
आणि शुक्रवार माझ्या दारात साडेतीनला उभा.
डेपोत आम्ही एका प्रकाराला मेलेली फेरी म्हणतो:
गाडी रिकामी, आतले दिवे चालू,
कुणालाही न घेता या टोकाकडून त्या टोकाकडे जाते,
कारण तिला तिथे असायला हवं असतं.
गुरुवारी रात्री पुलाकडच्या थांब्यावर मी
स्वतःलाच तशी जाताना पाहते.

ध्वनीच्या तासाला इनेसबाई म्हणाल्या,
प्रत्येक खोलीला स्वतःचा आवाज असतो,
कुणीच बोलत नसतानाचा.
तो एक मिनिट टिपून आणा.
संकलनात वाक्यांमधल्या फटी बुजवायला लागतो.
पोरांनी माना डोलावल्या.
मी वही उघडून आठवड्यात फट शोधत बसले.

शेवटी आईचं स्वयंपाकघर. रविवार, गोळ्यांनंतर.
आई तागाच्या गिरणीत सव्वीस वर्षं होती.
मागांनी तिचे कान खाल्ले, पगार वेळेवर दिला.
त्या खडखडाटात बायका ओठांनीच बोलायच्या,
चार मागांपलीकडच्या मैत्रिणीला
अख्खं लफडं सांगून व्हायचं, मुकादमाला पत्ता नाही.
हल्ली आई मोठ्यानं बोलते, दूधवाल्याशीसुद्धा भांडल्यासारखी.

तिच्यासमोर मी रेकॉर्डर ठेवला,
बोट ओठांवर नेलं, दुसऱ्या हाताचं एक बोट वर: एक मिनिट.
तिनं मान हलवली.
मग घड्याळाचा काटा फिरत राहिला
आणि आम्ही दोघी समोरासमोर बसलो,
चहा नाही, हिशेब नाही, पुढची बस नाही.
असं कधी बसलो होतो, आठवेना.

चाळिसाव्या सेकंदाच्या आसपास
आईचे ओठ हलले.
जुन्या पद्धतीनं, आवाजाशिवाय, मोठी मोठी अक्षरं करत.
मी लहानपणी शिकले होते, अर्धवट.
पहिले दोन शब्द कळले: तू दमलीस.
पुढचे चार नाही.
मिनिट संपलं तेव्हा ती उठून
बटाटे सोलायला लागली होती.

काय भरलंस त्यात? तिनं ओरडून विचारलं.
काही नाही, मी तिच्याकडे तोंड करून म्हटलं.
मग एवढा वेळ का लागला?

गुण आले मंगळवारी. दहापैकी सहा.
शेरा: चाळिसाव्या सेकंदापासून फ्रिज घरघरतो आहे.
फ्रिज बंद करून पुन्हा टिपून आणा.

हेडफोन लावून ते मिनिट सात वेळा ऐकलं.
घरघर आहे खरी.
बाकी तिथे काहीच नाही,
अगदी काहीच नाही,
आणि ते मी पुसत नाहीये.

पुन्हा टिपायचं तर पुढचा रविवार
पाळीच्या बदलीत गेलाय.
त्याच्या पुढच्या रकान्यात पेन्सिलीनं लिहिलं:
आई, एक मिनिट.
मग एकाचे दहा केले.
एक फेरी गाळावी लागेल. बघू कोणती.