अंगठी

एप्रिल. फिनलंडमधल्या कोर्पो बेटावर
धक्क्यालगतचा बर्फ कालच सुटलाय.
होडीच्या पोटात गुडघे मुडपून बसलेली सीव
चार्जर बॅटरीच्या डोक्यावरच टेकवू बघते,
तिथे जागा आहे म्हणून.

‘तिथे नको,’ वरून तोरोल्फ.
‘चार्ज होताना ती श्वास सोडते.
त्याला वास नाही, रंग नाही,
तो वर चढतो नि ठिणगीची वाट बघतो.
बाजूच्या फळीवर लाव. झाकणाची फट बुजवू नकोस.’

आणि फ्यूज?
‘वीतभरही लांब नको. तिच्या उंबऱ्यातच.’

पान्याच्या दांड्याला तिने चिकटपट्टी गुंडाळली,
काळी वायर आधी सोडवली,
लाल टोकाकडे हात नेला, तसा तो खेकसला,
‘अंगठी!’

त्याच्या अनामिकेवर अंगठी नाही.
तिच्या जागी गोल, गुळगुळीत, पांढरी कातडी:
एकोणऐंशी साली
पाना आणि इंजिन यांच्यामध्ये
क्षणभर सापडलेलं सोनं.

‘आई काय म्हणाली?’
‘आधी बर्फ लावला. मग म्हणाली,
चला, आता हरवायची भीती नाही.’

सीवने अंगठी काढून
त्याच्या तळहातावर ठेवली.
चार्जरचा हिरवा दिवा लागेपर्यंत
त्याने मूठ उघडली नाही.